निवडणुकीचा खर्च आणि खरा हिशेब

निवडणुकीचा निकाल लागला की हरलेल्या उमेदवाराबद्दल गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘डिपॉझिट तरी वाचलं का?’ लोकसभेला २५,००० रुपये, विधानसभेला १०,०००, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना याच्या निम्मे. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते पडली तर ही अनामत परत मिळते, नाही तर सरकारजमा होते. निवडणूक लढवून झाल्यावर हरलेल्या उमेदवाराला सरकारकडून परत मिळू शकणारी ही एकमेव रक्कम, आणि तीही मुळात त्याचीच. मंडप, ध्वनिक्षेपक, भाड्याच्या गाड्या, पत्रके, कार्यकर्त्यांचे चहा-जेवण यांवर जे खर्च होते, त्यातला एक रुपयाही सार्वजनिक तिजोरीतून त्याच्याकडे येत नाही. फ्रान्समध्ये येतो, कॅनडात येतो, जर्मनीत वेगळ्या वाटेने येतो. तो का येतो, कोणत्या अटींवर येतो, त्याने काय सुधारले आणि काय बिघडले, हा या पुस्तकाचा विषय आहे.

‘सरकारी खर्चाने निवडणुका’ असे शब्द उच्चारले की आपल्याकडची चर्चा चटकन दोन टोकांना जाते. एक बाजू म्हणते, त्याने काळा पैसा आटेल. दुसरी विचारते, शाळांची छपरे गळत असताना पुढाऱ्यांना पैसे कशाला? दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता धरून चाललेली असते, की सरकार उमेदवाराच्या हाती आधी पैसे ठेवणार आणि मग तो प्रचाराला निघणार. प्रतिपूर्तीची पद्धत याच्या उलट चालते. उमेदवार आधी स्वतःचा, देणगीचा किंवा कर्जाचा पैसा खर्च करतो. मतदान झाल्यावर तो बिलांसकट हिशेब सादर करतो. एक स्वतंत्र यंत्रणा तो तपासते. ठरलेल्या प्रमाणात मते मिळाली असतील, खर्च मर्यादेत असेल आणि हिशेब पटला असेल, तरच खर्चाचा काही वाटा त्याला परत मिळतो. पैसा येतो तो सगळ्यात शेवटी. या पद्धतीचे मोल परत मिळणाऱ्या रकमेत थोडे आणि त्या रकमेसाठी द्याव्या लागणाऱ्या खऱ्या हिशेबात जास्त, असे माझे मत आहे. पुढची पाने वाचताना वाचकाने ही कसोटी जवळ ठेवावी, एवढ्यासाठी ते आधीच सांगतो.

जर्मनीपासून सुरुवात करणे योग्य, कारण या प्रश्नावर न्यायालयात तिथल्याइतका खोल विचार क्वचितच कुठे झाला असेल. पश्चिम जर्मनीच्या अर्थसंकल्पात १९५९ पासून राजकीय प्रबोधनाच्या नावाने पक्षांना रक्कम दिली जाऊ लागली. हेसन राज्याच्या सरकारने तिला आव्हान दिले. १९ जुलै १९६६ रोजी संघीय घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला: लोकमत जनतेकडून राज्यसंस्थेकडे जायला हवे, राज्यसंस्थेने पैसे पुरवून पक्षांमार्फत ते घडवायचे नाही, म्हणून पक्षांच्या एकूण कामाला सरकारी पैसा देणे घटनेत बसत नाही. निवडणूक हे मात्र सार्वजनिक काम आहे, तेव्हा वाजवी प्रचाराचा आवश्यक खर्च भरून द्यायला हरकत नाही. या एका फटीतून पुढचा सगळा कायदा आला. १९६७ च्या पक्षविषयक कायद्याने दर पात्र मतदारामागे २.५० मार्क असा निधी ठरवला आणि तो मतांच्या प्रमाणात वाटायचे ठरले. निदान २.५ टक्के मते मिळवणाऱ्या पक्षांनाच तो द्यायचा होता. न्यायालयाने १९६८ मध्ये ही अट फार जाचक ठरवली आणि ती ०.५ टक्क्यावर आली. दर १९७४ मध्ये ३.५० आणि १९८३ मध्ये ५ मार्क झाला.

यात एक गोम होती. बिल कुणी मागतच नव्हते. रक्कम मतदारांच्या संख्येवर ठरत होती, झालेल्या खर्चावर ठरत नव्हती. निवडणुकीच्या आधीच्या वर्षांतही तिचे आगाऊ हप्ते मिळत. प्रतिपूर्ती हे केवळ नाव राहिले होते. प्रत्यक्षात ते पक्षांचे नियमित अनुदान झाले होते. त्यामुळे खासगी पैसाही थांबला नाही. फ्लिक उद्योगसमूहाच्या देणग्यांच्या प्रकरणात अर्थव्यवहारमंत्री ओटो ग्राफ लाम्ब्सडोर्फ यांना १९८४ मध्ये पद सोडावे लागले. अखेर ९ एप्रिल १९९२ रोजी न्यायालयाने आपलीच जुनी भूमिका बदलली. निवडणुकीचा खर्च आणि पक्षाचा रोजचा खर्च असा भेद व्यवहारात टिकत नाही, हे मान्य करून त्याने पक्षांना अंशतः सरकारी निधी देण्याची मुभा दिली. पण दोन कुंपणे घातली. सगळ्या पक्षांना मिळून द्यायच्या रकमेवर एक कमाल मर्यादा, आणि कोणत्याही पक्षाला त्याने स्वतः मिळवलेल्या उत्पन्नाहून जास्त सरकारी पैसा नाही. ही कुंपणे आजही राखली जातात. २०१८ मध्ये संसदेने एकूण मर्यादा १९ कोटी युरोपर्यंत वाढवली, तेव्हा त्या वाढीला पुरेसे कारण दिलेले नाही म्हणून न्यायालयाने २४ जानेवारी २०२३ रोजी ती रद्द केली. स्वतःसाठी पैसे मंजूर करणाऱ्या सभागृहाला कुणीतरी ‘का?’ असे विचारू शकते, हे मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

फ्रान्सची वाट निराळी. तिथे बिल हाच पाया आहे. १९८८ पासून कायदे होत गेले आणि १९९० मध्ये प्रचारखर्चाचे हिशेब तपासणारा स्वतंत्र राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. उमेदवाराने पैशांच्या व्यवहारासाठी एक वेगळा माणूस किंवा संस्था नेमायची. सगळी जमा आणि सगळा खर्च त्याच्याच हातून आणि एकाच बँक खात्यातून. कंपन्यांच्या देणग्यांवर १९९५ पासून बंदी, व्यक्तीला एका निवडणुकीत ४,६०० युरोपर्यंतच देता येते. पहिल्या फेरीत ५ टक्के मते मिळाली आणि हिशेब मंजूर झाला तर खर्चमर्यादेच्या ४७.५ टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळते. हिशेब नामंजूर झाला तर एक युरोही नाही, मग उमेदवार कितीही मोठा असो.

या शेवटच्या अटीला धार आहे हे २०१३ मध्ये दिसले. राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या निकोला सार्कोझी यांनी २०१२ च्या निवडणुकीत सुमारे २.२५ कोटी युरोंची मर्यादा ओलांडली होती. आयोगाच्या हिशेबाने जादा खर्च साडेतीन लाख युरोंच्या थोडा वर होता, म्हणजे मर्यादेच्या दोन टक्क्यांहूनही कमी. तरी सगळा हिशेब फेटाळला गेला, घटना परिषदेने जुलै २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आणि एक कोटी युरोंहून जास्त परतावा बुडाला. पक्षाला समर्थकांपुढे हात पसरून ती तूट भरून काढावी लागली. पण गोष्ट इथे संपत नाही. २०१४ मध्ये उघड झाले की सभांची लाखो युरोंची बिले उमेदवाराच्या नावावर न फाडता, पक्षाच्या परिषदा म्हणून पक्षाच्या नावावर फाडली गेली होती. खरा खर्च मर्यादेच्या जवळपास दुप्पट होता. त्या प्रकरणात सार्कोझी २०२१ मध्ये दोषी ठरले, २०२४ मध्ये अपिलातही. हिशेब तपासणारी यंत्रणा तिच्यासमोर ठेवलेलेच कागद तपासू शकते. कागद दुसऱ्याच दप्तरात ठेवला तर तिला तो दिसत नाही. उमेदवार आणि पक्ष या दोघांचे हिशेब एकाच नजरेखाली येत नाहीत तोवर प्रतिपूर्तीची पद्धत अर्धी आंधळी असते, हा धडा भारताला विशेष लागू आहे.

फ्रान्सच्या पद्धतीत दुसराही दोष आहे आणि तो पद्धतीच्या पोटातलाच आहे. एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार व्हॅलेरी पेक्रेस यांना पहिल्या फेरीत ४.७८ टक्के मते मिळाली. ५ टक्क्यांची रेघ थोडक्यात हुकली आणि हाती येणाऱ्या लाखो युरोंच्या जागी फक्त एक छोटी ठोक रक्कम उरली. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी लोकांकडे देणग्या मागितल्या. प्रचारासाठी आपण वैयक्तिक ५० लाख युरोंचे कर्ज काढले आहे, असे त्यांनी जाहीर सांगितले. रेघेच्या अलीकडे सर्वनाश आणि पलीकडे निर्धास्ती अशी रचना असली, तर मतदानाआधी बँकाच ठरवू लागतात की कोण उभा राहू शकेल. मारीन ल पेन यांच्या पक्षाने २०१४ मध्ये रशियाशी संबंधित बँकेकडून ९० लाख युरो घेतले आणि २०२२ च्या प्रचारासाठी त्यांनी हंगेरीतल्या बँकेचे कर्ज काढले. पैसा शेवटी येणार असेल तर आधी कुणीतरी तो उसना द्यावा लागतो. तो कोण देतो आणि बदल्यात काय मागतो, हा प्रश्न परताव्याने सुटत नाही. आपल्याकडे ती जागा ठेकेदाराने आणि बिल्डरने भरली आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

कॅनडाबद्दल थोडक्यात, कारण या पुस्तकात त्यावर सविस्तर प्रकरण आहे. क्वेबेक प्रांताने १९६३ मध्ये ही वाट धरली आणि देशपातळीवर १९७४ चा कायदा आला. आज १० टक्के मते मिळवणाऱ्या उमेदवाराला मान्य खर्चाच्या ६० टक्के रक्कम परत मिळते, पक्षांना ५० टक्के. आणि उमेदवार व पक्ष दोघांच्याही खर्चाला मर्यादा आहे. २००६ च्या निवडणुकीत कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने सुमारे १३ लाख डॉलर स्थानिक उमेदवारांच्या खात्यांत टाकले आणि देशव्यापी जाहिरातींसाठी लगेच परत घेतले. त्यामुळे पक्षाचा खर्च उमेदवारांच्या नावावर दिसला, पक्षाची मर्यादा शाबूत राहिली आणि उमेदवारांना ६० टक्के परताव्याचा दावा करता आला. निवडणूक यंत्रणेने ते दावे नाकारले. पक्षाने २०११ मध्ये गुन्हा कबूल करून ५२,००० डॉलर दंड भरला. ही लबाडी प्रतिपूर्तीमुळे घडली असे म्हणता येईल. माझ्या लेखी जास्त महत्त्वाचे हे की ती प्रतिपूर्तीमुळेच पकडली गेली. दावा करायचा तर बिले जोडावी लागतात, आणि बिले जोडली की कुणीतरी ती वाचतो.

आता आपल्याकडे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ आणि ७८ व्या कलमांप्रमाणे उमेदवाराला उमेदवारी दाखल झाल्यापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च लिहून ठेवावा लागतो आणि निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाखांची मर्यादा आहे. गोव्यात ती ७५ आणि २८ लाख आहे. जिल्ह्याजिल्ह्यात चहा, वडापाव, खुर्ची, मंडप यांचे दरपत्रक निघते, खर्च निरीक्षक येतात, कॅमेरे सभा टिपतात, उमेदवाराच्या वहीशी ताडून पाहायला यंत्रणा आपली वेगळी छाया नोंदवही ठेवते. कष्ट पुष्कळ घेतले जातात. तरीही उमेदवारांनी दिलेले हिशेब मर्यादेच्या आत आणि बहुधा बरेच आत असतात. त्यांवर गावातले शेंबडे पोरही विश्वास ठेवत नाही.

याचे मूळ १९७४ मध्ये आहे. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबरला सांगितले की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच खर्चात धरला पाहिजे. नाहीतर मर्यादेला अर्थ उरत नाही, हे न्यायमूर्ती भगवती यांचे प्रतिपादन आजही तितकेच ताजे आहे. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि पक्षाचा व मित्रमंडळींचा खर्च मर्यादेबाहेर काढण्यात आला. २००३ च्या दुरुस्तीने हे दार बरेचसे ओढून घेतले, पण स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च बाहेरच राहिला, आणि पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला आजही कसलीच मर्यादा नाही. जून २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे मुंबईतल्या एका कार्यक्रमात म्हणाले की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्याला ८ कोटी खर्च आला. तेव्हाची मर्यादा २५ लाख होती आणि त्यांनी दाखवलेला खर्च सुमारे १९ लाख. आयोगाने नोटीस काढली, त्यांनी खुलासा दिला. मला यात एका माणसाचा दोष फारसा दिसत नाही. जे सगळ्यांना माहीत होते ते एका मोठ्या नेत्याने व्यासपीठावरून बोलून दाखवले, एवढाच फरक.

हिशेब दाखल झाला यावर समाधान मानायचे की तो खरा आहे का हे पाहायचे, हा प्रश्नही महाराष्ट्रातूनच वर गेला. भोकर मतदारसंघातल्या २००९ च्या निवडणुकीवरून अशोक चव्हाण यांच्या हिशेबाविरुद्ध तक्रार झाली; विषय वृत्तपत्रांतल्या पेड न्यूजचा होता. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हिशेब वेळेत आला एवढे पाहून निवडणूक आयोगाला थांबता येणार नाही, तो बरोबर आहे का हे तपासण्याचा अधिकार त्याला आहे. जुलैमध्ये आयोगाने त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढला, सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तत्त्व मात्र टिकून राहिले, आणि प्रतिपूर्तीची कोणतीही योजना उभी करायची तर ती याच तत्त्वावर उभी राहील.

आजच्या कायद्यात उमेदवाराला खरा खर्च दाखवण्याचे एकही कारण नाही. कमी दाखवला तर काही बिघडत नाही. मर्यादेपेक्षा जास्त दाखवला तर तीन वर्षे अपात्र ठरण्याची टांगती तलवार आणि विरोधकाची निवडणूक याचिका. प्रत्येक कायदेशीर, बँकेतून दिलेल्या रुपयामागे समजा ५० पैसे परत मिळणार असतील, तर तो रुपया लपवणे हे उमेदवाराचे स्वतःचेच नुकसान होते. मंडपवाल्याकडून पक्के बिल मागण्याची इच्छा त्याला पहिल्यांदाच होईल. रोख पाकिटे याने बंद होणार नाहीत. मतदारांना वाटलेल्या पैशांचे बिल कुणी जोडणार नाही. पण कायदेशीर खर्चाचा एक खरा, तपासलेला आकडा हाती आला, तर बेकायदा खर्च कुठून सुरू होतो ते निदान दिसू लागेल.

भारतात या विषयावर समित्या कमी झाल्या नाहीत. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये वाहनांचे इंधन, ध्वनिक्षेपकाचे भाडे, मतदार याद्या अशी वस्तुरूप मदत सुचवली. इंद्रजित गुप्ता समितीत सोमनाथ चटर्जी आणि मनमोहन सिंग यांच्यासारखे सदस्य होते. तिने १९९८ मध्ये सरकारी मदत घटनात्मक, कायदेशीर आणि लोकहिताच्या दृष्टीनेही समर्थनीय ठरवली. दर मतदारामागे १० रुपये धरून केंद्राने वर्षाला ६०० कोटी आणि राज्यांनी मिळून तितकेच द्यावेत, पण मदत रोखीने न देता वस्तुरूपाने द्यावी, असे तिने सुचवले. त्यातून प्रत्यक्षात आले ते आकाशवाणी-दूरदर्शनवरचा मोफत वेळ आणि मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना फुकट मतदार याद्या. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात संपूर्ण सरकारी निधी आजच्या स्थितीत शक्य नाही असे म्हटले. निवडणूक आयोगाचा आक्षेपही जुनाच आहे: सरकारच्या पैशावर उमेदवार स्वतःचा आणि इतरांचा पैसा ओतणारच, आणि तो अडवता येणार नाही. आगाऊ दिलेल्या पैशाबाबत हा आक्षेप बिनतोड आहे. तपासलेल्या हिशेबामागून येणाऱ्या पैशाबाबत तो तितका बसत नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत आपल्या अहवालांमध्येसुद्धा वारंवार दिसते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरल्यावर तर पक्षांनी पैसा कुठून आणायचा हा प्रश्न पुन्हा उघडा पडला आहे. त्याला उत्तर न देता फक्त रोख्यांच्या निकालाचा आनंद मानणे पुरेसे नाही.

पैसा किती लागेल? महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागा घ्या. प्रत्येक जागी तीन उमेदवार परताव्याला पात्र ठरले आणि प्रत्येकाला ४० लाखांच्या मर्यादेच्या निम्मी म्हणजे पूर्ण २० लाखांची रक्कम मिळाली, तरी बेरीज १७३ कोटींच्या आत राहते. राज्यात नऊ कोटींहून अधिक मतदार आहेत. म्हणजे पाच वर्षांतून एकदा, मतदारामागे वीस रुपयांहून कमी. खर्चाची भीती दाखवून हा विषय बाजूला सारणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. खरी अडचण तपासनीसांच्या मनुष्यबळाची आणि पक्षांच्या खर्चाला मर्यादा घालण्याच्या इच्छेची आहे. ती मर्यादा आधी आली पाहिजे. नाहीतर पॅरिसमध्ये जे बिल पक्षाच्या दप्तरात गेले ते परभणीतही जाईल. परताव्याची रेघही एकच नको. पाच टक्क्यांना थोडा, दहाला जास्त, एक षष्ठांशाला पूर्ण, अशा पायऱ्या ठेवल्या तर पेक्रेस यांच्यावर आली तशी वेळ इथल्या नवख्या उमेदवारावर येणार नाही.

अपक्षांचा प्रश्न मला सर्वांत कठीण वाटतो. इंद्रजित गुप्ता समितीने फक्त मान्यताप्राप्त पक्षांना मदत सुचवली आणि अपक्षांना वगळले. डमी उमेदवारांचा सुळसुळाट होईल ही भीती खोटी नव्हती. पण जर्मन घटनात्मक न्यायालयाने १९७६ मध्येच सांगितले होते की पक्षांना प्रचारखर्च मिळतो आणि अपक्षाला मुळीच नाही, हे समान संधीच्या तत्त्वात बसत नाही. तिथे अपक्षाला दहा टक्के मतांची अट घालून हा प्रश्न सोडवला गेला. महाराष्ट्रात तर ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही, आणि पैशाचा जोर तिथेही कमी नाही: नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या निवडणुका रद्द केल्या होत्या.

संसदेची वाट न पाहता सुरुवात करता येईल अशी जागाही इथेच आहे. पंचायती आणि नगरपालिकांच्या निवडणुकांविषयी कायदे करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या २४३ ट आणि २४३ य क या अनुच्छेदांनी राज्य विधिमंडळांना दिला आहे. एखाद्या महानगरपालिकेत किंवा दोन-तीन जिल्हा परिषदांत, एकच बँक खाते, पक्के बिल, जाहीर हिशेब आणि पायऱ्यांनी परतावा या अटींवर महाराष्ट्र हे करून पाहू शकतो, अपक्षांसकट. शेवटच्या प्रकरणात अशा कायद्याचा कच्चा आराखडा कलमवार दिला आहे. तो वाचताना ज्यांनी स्वतः निवडणूक लढवली आहे, कुणाचा निवडणूक प्रतिनिधी म्हणून वही लिहिली आहे किंवा तहसील कचेरीत बसून त्या वह्या तपासल्या आहेत, त्यांनी प्रत्येक कलमापाशी थांबून ते कुठे फसेल ते आम्हाला कळवावे.